दोन कार्डे, एक सर्व्हर : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची पाच पत्रे निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे. सर्व्हरमधील दोन किंवा अधिक नेटवर्क कार्डे एकत्र बांधून त्यांना एकच कार्ड असल्यासारखे वागवायचे, याला विंडोजची मंडळी टीमिंग म्हणतात आणि लिनक्सची मंडळी बाँडिंग. भार वाटला जावा आणि एक कार्ड किंवा एक केबल गेली तरी काम अडू नये, असे दोन हेतू त्यामागे असतात. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमची फौंड्री आहे. पॅटर्न आणि डाय यांची ड्रॉइंग्ज एका विंडोज सर्व्हरवर असतात व बारा संगणक ती वापरतात. सर्व्हरला एक गिगाबिटचे कार्ड होते. तसेच दुसरे घेऊन दोघांची टीम केली. स्क्रीनवर आता वेग २ गिगाबिट दिसतो, पण माझ्या संगणकावर मोठी फाइल कॉपी करताना आकडा पूर्वीप्रमाणेच सेकंदाला ११२ एमबीवर अडतो. पैसे वाया गेले का?

उत्तर : वाया गेलेले नाहीत, मात्र ज्या अपेक्षेने आपण ते खर्च केले ती अपेक्षा टीमिंगकडून कधीच पुरी होणार नव्हती. आपल्या तक्रारीचे उत्तर त्या ११२ या आकड्यातच आहे. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. त्यातून प्रत्येक पॅकेटभोवतीची, म्हणजे फाइल ज्या छोट्या तुकड्यांतून जाते त्यांच्याभोवतीची, इथरनेट, आयपी आणि टीसीपी यांची वेष्टने वजा केली की हाती येतात ११० ते ११८ एमबी. म्हणजे आपली कॉपी एका कार्डाच्या पूर्ण कुवतीने चालली आहे. शिवाय आपल्या टेबलावरच्या संगणकात गिगाबिटचे एकच कार्ड असणार, त्यामुळे सर्व्हरला चार कार्डे लावली तरी आपल्या दारापर्यंत येणारी वाट तेवढीच रुंद राहते.

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर लागलेली उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आपण पाहिली असेलच. एका काट्याचे दोन काटे केले तर रांग निम्म्या वेळात ओसरते, परंतु एका ट्रॉलीला काट्यावर जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो, कारण एक ट्रॉली दोन काट्यांवर वाटून तोलता येत नाही. टीमिंगचेही तसेच आहे. एका संगणकाचा सर्व्हरशी चाललेला एक संवाद एकाच कार्डावरून जातो, आणि ही त्रुटी नसून मुद्दाम पाळलेला नियम आहे. एकाच फाइलची पॅकेट्स दोन वाटांनी पाठवली तर मागची पुढे आणि पुढची मागे पोहोचण्याची शक्यता निर्माण होते. तसे घडले की पलीकडच्या टीसीपीला, म्हणजे पॅकेट्स क्रमाने पोहोचली का ते पाहणाऱ्या व्यवस्थेला, मधले पॅकेट हरवल्याचा संशय येतो, ते पुन्हा मागवले जाते, आणि दोन वाटा असूनही वेग एका वाटेपेक्षा कमी होऊन बसतो.

कोणता संवाद कोणत्या कार्डाने जावा हे एका छोट्या गणिताने ठरते, त्याला हॅश म्हणतात. पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा मॅक पत्ता (कार्डाची ओळख), आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक) किंवा पोर्ट क्रमांक (प्रोग्रामचा क्रमांक) यांची बेरीजवजा मिसळ करून तिला कार्डांच्या संख्येने भागायचे आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाचे कार्ड घ्यायचे, असा त्याचा ढोबळ अर्थ. हे गणित कोणत्या कार्डावर किती ओझे आहे ते पाहत नाही, त्यामुळे वाटणी नशिबावर राहते. आपले तीनच संगणक एकाच वेळी काम करत असतील तर तिघेही एकाच कार्डाच्या वाट्याला येण्याचा संभव चारांत एक इतका मोठा आहे. नाणे तीनदा उडवून तिन्ही वेळा एकच बाजू पडण्यासारखेच ते आहे. बाराही संगणक कामाला लागले की वाटणी बरीच समतोल होते. म्हणून आपण एका संगणकावरून परीक्षा घेण्याऐवजी सकाळी सगळे ड्राफ्ट्समन फाइली उघडतात त्या वेळी सर्व्हरच्या टास्क मॅनेजरमध्ये दोन्ही कार्डांचे आलेख पाहावेत. मला वाटते, तेथे आपल्याला आपले पैसे दिसतील. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून डायनॅमिक नावाची वाटणीची पद्धत मिळते. ती संवादात नैसर्गिक खंड पडला की तेवढी संधी साधून त्याला मोकळ्या कार्डावर हलवते. आपल्याकडे ती निवडलेली नसेल तर निवडावी.

आपण लिहिलेले नाही, परंतु आपली टीम बहुधा स्विच इंडिपेंडंट प्रकारची असावी, कारण नवी टीम बनवताना विंडोज आपणहून तीच निवडते. या प्रकारात स्विचला, म्हणजे सगळ्या केबल जेथे एकत्र येतात त्या पेटीला, टीमची काहीच कल्पना नसते. सर्व्हरकडून बाहेर जाणारा भार दोन्ही कार्डांवर वाटला जातो, पण आत येणारा भार सगळाच्या सगळा एका कार्डावर येतो, कारण बाहेरच्या जगाला टीमचा एकच मॅक पत्ता ठाऊक असतो. ड्रॉइंग उघडणे म्हणजे सर्व्हरकडून बाहेर जाणे आणि सेव्ह करणे म्हणजे आत येणे. आपल्याकडे उघडणे जास्त, तेव्हा हे चालून जाईल; रात्री सगळ्या संगणकांचा बॅकअप सर्व्हरवर घेत असाल तर मात्र त्या वेळी दुसरे कार्ड बसून राहणार. तेथे दोन्ही बाजूंनी वाटणी हवी असल्यास स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग्ज बदलता येणारा, असावा लागतो आणि त्यावर एलएसीपी, म्हणजे अनेक केबल एकच मानण्याचा सर्व्हर व स्विच यांच्यातला करार, चालू करून दोन पोर्टांचा (केबल लावायच्या खाचांचा) गट करावा लागतो. हा नेटवर्कच्या नियमावलीतला जुना मार्ग आहे. २००० साली तो ८०२.३एडी या क्रमांकाने आला आणि २००८ पासून ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेला. त्यातही एक मेख आहे. सर्व्हरकडे येणाऱ्या भाराची वाटणी सर्व्हर करत नाही, स्विच करतो, आणि स्वस्त स्विच पुष्कळदा केवळ मॅक पत्त्यांवरून हॅश करतात. सगळे संगणक राउटरच्या पलीकडे असतील तर सर्व्हरला दिसणारा मॅक पत्ता एकट्या राउटरचा असतो, आणि मग सगळा भार एकाच केबलवर येतो. आपले बाराही संगणक एकाच लॅनवर असल्याने हा त्रास आपल्याला होणार नाही.

आता खरोखर एकाच फाइलची कॉपी वेगाने व्हावी असे वाटत असेल तर दोन मार्ग आहेत. ज्या एकदोन संगणकांवर मोठ्या असेंब्लींची ड्रॉइंग्ज उघडतात त्यांनाही दुसरे कार्ड लावावे, आणि टीम न करता सगळ्या कार्डांना स्वतंत्र आयपी पत्ते द्यावेत. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून फाइल शेअरिंगच्या एसएमबी ३ मध्ये मल्टिचॅनल ही सोय आहे. ती एकाच कॉपीसाठी अनेक जोडण्या उघडते, दोन्ही कार्डे वापरते आणि एक बंद पडले तर दुसऱ्यावर काम चालू ठेवते. पॅकेट्सचा क्रम सांभाळण्याचे काम तेथे फाइल शेअरिंग स्वतः करत असल्यामुळे टीसीपीची अडचण येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे रस्ताच रुंद करणे. २०१६ मध्ये आलेले अडीच गिगाबिटचे मानक साध्या कॅट ५ई केबलवर शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे भिंतीतली केबल उपसावी लागत नाही; दहा गिगाबिटला मात्र कॅट ६ केबल ५५ मीटरपर्यंतच पुरते, त्यापुढे कॅट ६ए लागते. माझा सल्ला विचाराल तर सर्व्हर ते स्विच हा एकच टप्पा दहा गिगाबिटचा करावा. बारा संगणकांना तो पुरून उरेल. तत्पूर्वी सर्व्हरची डिस्क पाहावी. तेथे एकच फिरती हार्ड डिस्क असेल तर सलग वाचनातही ती साधारणपणे सेकंदाला दीडदोनशे एमबी देते, आणि बाराजण एकदम मागू लागले की त्याच्याही खाली घसरते. मग नेटवर्कवर कितीही खर्च केला तरी तो डिस्कपाशी येऊन थांबेल.

प्रश्न : आमच्या शाहूपुरीतील पतसंस्थेत मुख्य सर्व्हरला दोन कार्डे असून एक वापरात व एक राखीव अशी टीम आहे. दोन केबल दोन वेगवेगळ्या स्विचवर जातात. वार्षिक तपासणीत चालू कार्डाची केबल काढून पाहिली, तेव्हा काउंटरवर कोणाला कळलेही नाही. परंतु तीच केबल पुन्हा लावल्यावर सगळ्या काउंटरवरचे काम साधारण अर्धा मिनीट थांबले. हे उलटे कसे?

उत्तर : आपण केबल काढून पाहिली आणि परत लावतानाही लक्ष ठेवले, याबद्दल आपले अभिनंदन, बहुतेक ठिकाणी टीम बसवली जाते आणि तिची पहिली परीक्षा थेट बिघाडाच्या दिवशीच होते.

घडले ते असे. केबल काढताच कार्डाला जोडणी तुटल्याचे तत्काळ कळले आणि काम राखीव कार्डावर गेले. केबल पुन्हा लावताच दिवा हिरवा झाला, सर्व्हरने मूळ कार्ड सुधारले असे मानले आणि काम लगोलग परत त्यावर आणले. स्विचचे मत मात्र वेगळे होते. नेटवर्कमध्ये वर्तुळ, म्हणजे पॅकेट्स अखंड फिरत राहतील अशी वाट, तयार होऊ नये म्हणून स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची दक्षता चालू असते. तिच्यामुळे नव्याने जिवंत झालेले पोर्ट आधी १५ सेकंद नुसते ऐकते, मग १५ सेकंद पत्ते शिकते, आणि त्यानंतरच पॅकेट्स पुढे सोडते. त्या ३० सेकंदांत सर्व्हर बोलत होता आणि स्विच ते टाकून देत होता. आपला अर्धा मिनीट तो हाच. उपाय सोपा आहे : सर्व्हर जोडलेल्या दोन्ही पोर्टांना स्विचवर एज पोर्ट ठरवावे, काही कंपन्या त्याला पोर्टफास्ट म्हणतात, म्हणजे ते पोर्ट थेट कामाला लागते. सर्व्हर लिनक्सचा असता तर परतीला विलंब लावण्याची किंवा राखीव कार्ड चालू असेपर्यंत परतच न येण्याची सोय सर्व्हरमध्येच मिळाली असती.

आपल्या पत्रात पुढे अशी शंका आहे की दोन केबल दोन स्विचवर नेल्याने वर्तुळ तर होणार नाही ना. होणार नाही, कारण टीम एका केबलवरून आलेले पॅकेट दुसरीवरून बाहेर सोडत नाही. आणि या रचनेत एलएसीपी का घेऊ नये, असेही आपण विचारले आहे. एलएसीपीला दोन्ही केबलच्या पलीकडे एकच यंत्र दिसावे लागते. दोन स्वतंत्र स्विच आपापली वेगळी ओळख सांगतात, त्यामुळे त्यांचा एक गट होत नाही. दोन्ही स्विच स्टॅक केलेले, म्हणजे जोडून एकच यंत्र बनवलेले, असतील किंवा त्यांच्यात एमएलएजीची, म्हणजे वेगळे राहूनही एक असल्यासारखे वागण्याची, सोय असेल तरच ते शक्य आहे. पतसंस्थेच्या कामाला एका कार्डाची क्षमता सहज पुरते, तेव्हा आपली एक चालू, एक राखीव ही साधी रचनाच मला अधिक भरवशाची वाटते. पुढेमागे विंडोज सर्व्हर २०२२ वर जाऊन हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याची सोय) चालवणार असाल तर एवढे ध्यानात ठेवावे की जुन्या पद्धतीची टीम तेथे हायपर-व्हीच्या आभासी स्विचला सरळ जोडू दिली जात नाही. त्याऐवजी २०१६ पासून उपलब्ध असलेले स्विच एम्बेडेड टीमिंग वापरावे लागते, आणि त्यात सर्व कार्डे एकाच बनावटीची असावी लागतात व राखीव कार्ड ही कल्पनाच नसते.

दोन गोष्टी मात्र आपण होऊन पाहाव्यात. ही दोन कार्डे खरोखर दोन आहेत, की एकाच कार्डावरची दोन पोर्ट आहेत? तसे असेल तर कार्ड गेले की दोन्ही वाटा एकदम जातात. मदरबोर्डवरचे एक पोर्ट आणि वेगळ्या कार्डावरचे एक पोर्ट अशी जोडी बरी. आणि दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर, एकाच कपाटात, तळमजल्यावर तर नाहीत ना? २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत पाणी कुठवर आले होते ते आपल्याला मी सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतात, तरी पतसंस्थांचे स्विच अजून जिन्याखालीच सापडतात.

प्रश्न : आमच्या रुग्णालयाच्या दोन इमारती फायबरने जोडल्या आहेत. लिनक्स सर्व्हरला एक चालू, एक राखीव असे बाँडिंग आहे. गेल्या महिन्यात खोदकामात एक फायबर तुटली, पण राखीव कार्डाने काम हाती घेतलेच नाही. कार्डाचा दिवा हिरवाच होता.

उत्तर : दिवा हिरवा होता म्हणूनच घेतले नाही. कार्डाचा दिवा फक्त समोरच्या यंत्रापर्यंतची हकीकत सांगतो. आपल्या सर्व्हरची तांब्याची केबल मीडिया कन्व्हर्टरला, म्हणजे तांब्यावरचे संकेत फायबरसाठी प्रकाशात बदलणाऱ्या डबीला, जाते, तेथून पुढे फायबर. फायबर तुटली तरी कन्व्हर्टर स्वतः चालू असल्याने सर्व्हरकडची जोडणी जिवंतच दिसते. बाँडिंगला लावलेली एमआयआय तपासणी एवढेच पाहते. लिंक फॉल्ट पास-थ्रू असलेला कन्व्हर्टर घेतला तर फायबर तुटताच तो तांब्याची बाजूही मुद्दाम पाडतो, आणि मग सर्व्हरला खरी परिस्थिती कळते. पुष्कळ कन्व्हर्टरवर हे एका छोट्या खटक्याने चालू करता येते, तेव्हा नवा घेण्यापूर्वी आहे त्याचा खालचा भाग पाहावा.

दुसरा उपाय सर्व्हरवरच होतो. एमआयआयऐवजी एआरपी तपासणी लावून तिला पलीकडच्या इमारतीतील एखादा कायम चालू असणारा पत्ता द्यावा. सर्व्हर ठरावीक अंतराने त्याला हाक मारतो आणि उत्तर आले नाही की वाट बदलतो. एकाऐवजी दोन पत्ते द्यावेत, नाहीतर ते एक यंत्र कोणी दुरुस्तीसाठी बंद केले की सर्व्हर विनाकारण वाटा बदलत बसेल. दोन्ही टोकांना मॅनेज्ड यंत्रे असल्यास एलएसीपीनेही हे साधते, कारण त्याचे निरोप फायबरमधूनच जायचे असल्याने तेही थांबतात. मात्र त्याचा वेग जलद ठेवावा. जलद पद्धतीत दर सेकंदाला निरोप जातो आणि तीन सेकंदांत बिघाड कळतो, संथ पद्धतीत निरोप ३० सेकंदांनी आणि निवाडा ९० सेकंदांनी. रुग्णालयात दीड मिनीट फार झाले.

प्रश्न : इचलकरंजीत आमच्या यंत्रमाग युनिटच्या लिनक्स सर्व्हरवर बाँडिंगचा मोड ० लावला आहे. स्विच साधा आहे. नेटवर्क मधूनच अडखळते.

उत्तर : मोड ० एक पॅकेट या कार्डाने तर पुढचे त्या कार्डाने पाठवतो. दोन्हींवर मॅक पत्ता एकच असल्याने तो पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची साध्या स्विचची वही क्षणोक्षणी बदलत राहते, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली मागेपुढे पोहोचण्याची अडचणही येथेच सर्वांत जास्त येते. हा मोड स्विचवर पोर्टांचा गट केलेला असेल तरच वापरायचा. आपण मोड १ (एक चालू, एक राखीव) लावावा. भारही वाटायचा असेल तर मोड ६, कारण त्याला स्विचची मदत लागत नाही. तो वेगवेगळ्या संगणकांना वेगवेगळ्या कार्डाचा मॅक पत्ता सांगून आत येणारा भारही वाटून घेतो. त्याच वेळी एमआयआय तपासणीचे अंतर १०० मिलिसेकंद आहे ना, हेही पाहावे. लिनक्सच्या जुन्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ते आपणहून शून्य असते, आणि शून्य म्हणजे तपासणी बंद. कार्ड मेले तरी सर्व्हर त्यावरून पॅकेट्स पाठवत राहतो.

प्रश्न : हुपरीत आमचा चांदीच्या दागिन्यांचा व्यवसाय आहे. दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेतली आहे. दोन्हींची टीम करून वेग दुप्पट होईल का?

उत्तर : टीमिंग सर्व्हर आणि त्याच्या शेजारचा स्विच यांच्यातले आहे; दोन कंपन्यांच्या जोडण्यांना ते लागू पडत नाही, कारण प्रत्येक कंपनी आपल्याला वेगळा पत्ता देते आणि एकीकडे सुरू झालेला संवाद दुसरीकडे चालू ठेवता येत नाही. आपल्याला दोन वॅन (इंटरनेट जोडणीची) पोर्ट असलेला राउटर लागेल. तो नवे संवाद दोन्ही जोडण्यांवर वाटतो आणि एक बंद पडली की सर्व काही दुसरीवर नेतो. बँकेची संकेतस्थळे मधूनच लॉगआउट करू लागली तर राउटरमध्ये त्यांना एकाच जोडणीवर बांधून ठेवण्याचा नियम लिहावा. आणि कंपन्या दोन असल्या तरी त्यांच्या केबल आपल्या गल्लीत एकाच खांबावरून येतात का, ते एकदा बाहेर जाऊन पाहावे.